व्हिटॅमिनच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या भाचीला आठवीत असल्यापासून फिट येतात. गोळी रोज घेतली की काही होत नाही, कॉलेजात तर पहिली यायची. पण आमच्या घरात त्या आजाराचं नाव काढायची सोय नव्हती. पाहुण्यांसमोर तो ‘अशक्तपणा’. मी विषय काढला की वहिनी म्हणायची, “हळू बोला की ताई, लग्न व्हायचंय तिचं.”

पोरगी शिकायला जर्मनीला निघाली. दादाचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, त्यामुळं निम्मी बॅग टॉवेलांनीच भरली. आणि वहिनीनं काय करावं? फिटच्या गोळ्या पाकिटातून एकेक काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत भरल्या. का, तर खोलीतल्या मुलींना कळू नये! मी म्हटलं, “अगं, काही झालं तर त्या पोरीच धावणार ना?” दादानं डोळे वटारले. “शुभ बोल की जरा.”

परीक्षेच्या दिवसांत जागरणं झाली, गोळ्या चुकल्या आणि भाची तिकडं स्वयंपाकघरात कोसळली. एका फिटमागं दुसरी. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीनं हॉस्पिटलमधून फोन केला. हैदराबादची पोर, रडत रडत हिंदीत विचारत होती, “डॉक्टर विचारताहेत, हिला आधी कधी असं झालंय का? औषध कुठलं चालू आहे? सामानात तर नुसती व्हिटॅमिन सापडली.”

आणि माझा सख्खा भाऊ, चांगला शिकलासवरलेला माणूस, म्हणाला, “नाही नाही, कधीच नाही. उपवास केला असेल.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन हिसकावून घेतला. त्या गोळ्या दर महिन्याला मीच आणायचे. आजार, गोळीचं नाव, डोस, सगळं घडाघडा सांगितलं. वहिनी माझा हात ओढत होती. पोटची पोर तिकडं बेशुद्ध आणि हिला भावकीची काळजी! मी ओरडले, “सोड हात! पोर जगली तर लग्न लावशील ना तिचं?”

दुसऱ्या दिवशी भाचीचाच फोन आला. दादा समोर बसला होता, माझ्याशी अबोला धरून. तिचा आवाज पार खोल गेलेला.

“आत्या, सगळ्यांना कळलं ना गं? बाबा लई चिडलेत का?”

मरता मरता वाचलेल्या पोरीनं पहिलं हे विचारावं! मला रडूही आवरेना आणि संतापही. फोन मी दादाच्या हातात कोंबला.

“दे आता उत्तर,” म्हटलं.