सूट नंबर एकचा चोकअप

चारला मुंबईचं पथक मुक्कामाला येणार होतं आणि दुपारी एक वाजता सूट नंबर एकच्या संडासात पाणी काठोकाठ होतं. कापसाची दशा पाहायला तेव्हा सारखी पथकं यायची. बाकीची यवतमाळला थांबायची, हे पहिलंच पांढरकवड्याजवळच्या आमच्या सरकारी विश्रामगृहात उतरणार होतं. मी तिथला ज्युनियर इंजिनियर.

डेप्युटी साहेब फोनवर म्हणाले, प्लंबर बोलवा. गावातला एकुलता एक प्लंबर लग्नाला आदिलाबादला गेलेला. मग मीच बाह्या सरसावल्या. पंधरा वर्षं नकाशावर संडास काढले होते, आत हात घालायची ही पहिली वेळ.

आधी ॲसिडची बाटली ओतली. पाणी जागचं हललं नाही, मी मात्र खोकत बाहेर पळालो. मग अक्कल आली आणि मागचं चेंबर उघडलं. चेंबर म्हणजे जमिनीतली चौकोनी कुंडी. घरातलं पाणी आधी तिथे उतरतं. ते ठणठणीत कोरडं. म्हणजे अडलं होतं ते भांड्याखालच्या ट्रॅपमध्ये. ट्रॅप म्हणजे पाइपाचं वळण. त्यात पाणी साचून राहतं म्हणून घाण वास वर येत नाही.

चौकीदार नामदेवने बांबूची कामटी आणली. टोकाला तारेचा आकडा बांधला, मगाने पाणी उपसलं, नाकाला रुमाल बांधला आणि कामटी आत सारली. ओढली तर आला कापूस. सरकीसकट. पुन्हा घातली, पुन्हा कापूस. मोरीच्या जाळीखालीही तेच.

मी नामदेवकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

"साहेब, घरी छत गयते, कापूस भिजते. भाव येईन म्हून इथं ठेवला होता. काल उचलला. खाली सांडला तो झाडून भांड्यात टाकला अन् वरून पाणी वतलं."

"बाहेर काहून नाही फेकला?"

"लोकाइले दिसला असता."

हसावं की थोबाडीत द्यावी, कळेना. रागापेक्षा भीती जास्त वाटली. नामदेव बारा वर्षं रोजंदारीवर होता. साहेबांना कळलं असतं तर त्याला संध्याकाळपर्यंतही ठेवला नसता. बादलीभर ओला कापूस आम्ही आवारातच पुरला. मग भांड्यात पाणी ओतलं, ते गडगडत गेलं. पुढे प्रमोशन मिळालं तेव्हासुद्धा मी इतका खूश झालो नाही.

साडेतीनला साहेब आले. फ्लश दोनदा ओढून पाहिला. मग विचारलं, तुंबलं कशाने होतं?

"कापड होतं, साहेब."

"कोणी टाकलं? चौकीदाराकडून लेखी घ्या."

नामदेवचा चेहरा उतरला. मी मुक्कामाचं रजिस्टर उघडून पुढे केलं.

"या खोलीत शेवटचा मुक्काम आपलाच आहे, साहेब. चार महिन्यांपूर्वीचा."

साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि चहा मागवला.

नामदेव पुढे तिथेच कायम झाला. मी शिकलो ते एवढंच, की चोकअप काढायचा असेल तर आधी चेंबर उघडावं, आणि चौकशी निघाली तर रजिस्टर.