लाटा वळत नाहीत

हवामान कचेरीत त्यांना पाठीमागे 'मिठाचा खडा' म्हणतात. समोर अर्थातच बाई. वाऱ्याची माणसं पुढे खिडकीपाशी बसतात. बाईंचं लाटांचं टेबल मागे, चहाच्या मशीनला चिकटून. वाऱ्यावाल्यांनी वादळाची वाट आखून दिली, की बाईंनी हिशेब करायचा: वारा किती पाण्यावरून किती वेळ वाहिला आणि त्याने उठवलेल्या लाटा कुठल्या किनाऱ्याला कधी लागणार. म्हणजे बातमी आधी वाऱ्याची. लाटांचं ऐकायला थांबतो कोण?

वादळाने तोंड फिरवलं की खोलीत टाळ्या पडतात, जो तो घरी फोन लावतो. तेवढ्यात मागून बाई म्हणतात, "लाटा अजून वळलेल्या नाहीत." झालं, सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

एके काळी टाळ्या वाजवण्यात बाईच पुढे असायच्या. एका वर्षी वादळ थेट त्यांच्या गावावर चालून येत होतं. धाकटा भाऊ मासेमारी करायचा. होडी बंदराच्या भिंतीबाहेर अडकलेली, आणि हा घरात नुसता तळमळत बसलेला. दुपारी वादळ वळलं. आनंदाच्या भरात बाईंनी पहिला फोन त्यालाच केला, सुटलो रे म्हणून. मग चहा घेऊन हिशेबाला बसल्या.

आकडे आले आणि बाईंनी कप खाली ठेवला. वळण्याआधी वादळाने ज्या लाटा पुढे ढकलल्या होत्या, त्यांना आता वादळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या सरळ गावाकडे येत होत्या. हे बाईंना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण फोन केला तेव्हा त्या नुसत्या बहीण होत्या.

भावाचा फोन आईने उचलला. तो घरीच चार्जिंगला लावून गेला होता.

"होडी आत आणायला गेलाय," आई म्हणाली. "तुझा फोन आला, मग कुठे पोटभर जेवला बघ. ऊनही छान पडलंय."

बाईंनी कुणाला तरी बंदरावर पळव म्हणून आईला सांगितलं. शेजारी धावलाही. तोवर भिंतीवरून पाणी गेलं होतं. होडीच्या फळ्या मिळाल्या, भाऊ मिळाला नाही.

आईने त्या पहिल्या फोनबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही, आणि बाईंना तेच सोसवत नाही. प्रत्येक वादळानंतर समुद्र काही परत देतो का, ते पाहायला म्हातारी भिंतीवर जाऊन बसते. पण आधी लेकीला विचारते.

परवाही वादळ वळलं, टाळ्या झाल्या, खडा पडला. लगेच बाईंचा फोन वाजला.

"वळलं म्हणतायत गं. जाऊन येऊ का?"

"आज नको, आई. लाटा यायच्या आहेत."

"बरं," आई म्हणाली. "मग उद्या जाते. आठवणीने सांग हं."