आत्याबाई निलंग्याला गेल्या

हैदराबाद विमानतळाला जायची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा चार वर्षांची दीक्षा आत्याबाईंच्या कडेवर होती आणि ड्रायव्हर बॅगा कशा बांधतो ते बघत होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी हात पुढे केला, तो त्यांनी हलकेच बाजूला सारला. "आता घेऊ नको तिला. नीघ. रडाया लागली तर तुझं पाऊल उचलायचं न्हाई." लातूरच्या कॉलेजातली नोकरी, नवरा महेश, लेक, सगळं मागे ठेवून मी दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाले होते. घरात 'जा' म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

माझं काम सच्छिद्र स्फटिकांचं. धातूच्या अणूंचे पुंजके, त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणूंचे दांडे, मध्ये पोकळ्या. या पोकळ्यांत रेंगाळणारी अभिक्रिया लवकर व्हावी, एवढीच धडपड. पहिलं वर्षभर मी निर्दोष स्फटिक बनवले. एक्स-रेचे आलेख असे सुरेख, की फ्रेम करावेत. अभिक्रिया मात्र होईना. आमच्या प्रोफेसरबाई म्हणाल्या, "फारच छान बनवतेस. जरा बिघडव." मग मी मिश्रणात ॲसिटिक ॲसिड वाढवत गेले. ते काही दांड्यांची जागा अडवतं. नंतर ते धुऊन, तापवून काढलं की जागा रिकामी राहते, धातू उघडा पडतो आणि खरं काम तिथंच होतं. दांडे जास्त गेले तर सगळा सांगाडाच बसतो. माझे कित्येक बसले. लॅबच्या कोटाला कायम व्हिनेगरचा वास.

एका सकाळी जमलं. मी धावत बाहेर येऊन लातूरला फोन लावला. महेश कॉलेजात होता. फोन दीक्षानं उचलला आणि मी काही बोलायच्या आत आत्याबाईंना हाक मारली, "आई, जर्मनीवालीचा फोन!"

पलीकडून आत्याबाईंचा घाबरा आवाज, "अगं, तुझी आई हाय ती! मी आज्जी." मी सॅम्पल जमल्याचं सांगितलं. "लई चांगलं झालं," त्या म्हणाल्या, पण माझं काही चोरलं असावं तशा. लेकरं मागे ठेवून जे बाहेर गेलेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

दोन वर्षांनी परतले, तर दीक्षा आत्याबाईंच्या पदराआड. माझ्या हातचं खाईना. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी पिशवी भरली. "निलंग्याला बहिणीकडं जाते. तिचे गुडघे लई दुखायलेत." दीक्षानं पदर धरून आकांत केला. त्यांनी तिची बोटं एकेक सोडवली आणि ऑटोत बसल्या. मला रागच आला. मी आत्ता कुठं आले आणि ह्या निघाल्या!

दोन दिवस पोर धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला कंगवा घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. मी घाबरत वेणी घातली. "घट्ट घाल ना," ती म्हणाली. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. पंधरा दिवसांनी आत्याबाई परतल्या, तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून वरण-भात खात होती.

पुढे मला जर्मनीतच कायमची नोकरी मिळाली; आता मी, महेश आणि दीक्षा तिथेच राहतो. आत्याबाई आल्या नाहीत. "तिथं मी बोलू कुनाशी?" म्हणाल्या. गेल्या सुट्टीत निलंग्याला मावशींकडे, आत्याबाईंच्या त्याच बहिणीकडे, गेले होते. मी गुडघ्यांची चौकशी केली, तर त्या हसल्या.

"माझे गुडघे कवा दुखले? तुझी सासू पंधरा दिवस रोज दुपारी स्टँडवर जायची. लातूरची गाडी लागली की दाराशी उभी. गाडी सुटली की परत घरी. मी म्हनायची, बस की गाडीत. तर म्हनायची, न्हाई, आजून पोरगी आईकडं गेली नसंल."

इथे कुणी घर कुठलं विचारलं, तर मी सवयीनं लातूर म्हणते. पण डोळ्यांपुढे येतं ते निलंग्याचं एसटी स्टँड, आणि सुटलेल्या गाडीकडे बघत उभ्या राहिलेल्या आत्याबाई.