चौथी कळी

गल्लीच्या टोकाला किल्ल्या बनवणारा एक माणूस बसतो. लोक एकमेकांवर विश्वास ठेवायला लागले तर आपण उपाशी मरू, असं तो हसत सांगतो. पण पूर्ण हसत नाही.

सात वर्षांपूर्वी त्याने घरातल्या दोन ऑर्किडांचा संकर केला. दात कोरायच्या काडीने पांढऱ्या फुलाचा पराग जांभळ्याला लावला. शेंग धरली. रोपवाटिकेतल्या बाईंनी बी बाटलीत रुजवून दिलं, आणि त्यातलं एकच रोप जगलं. यंदा त्याला पहिला दांडा आला. दांड्यावर चार कळ्या.

सोमवारी एक कळी पिवळी पडून गळाली. पुढच्या सोमवारी दुसरी.

"रविवारी आपल्याकडे कोण येतं?"

"माझा भाऊ," बायको म्हणाली. "पंधरा वर्षं येतोय."

या मेहुण्याला झाडावर ओणवं होऊन बघायची खोड होती. त्याने रोपही मागितलं होतं, दोनदा. किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. त्या रविवारी मेहुणा नेहमीसारखी केळी घेऊन आला, तेव्हा याची नजर त्याच्या हातांवरून हलेना.

"दाजी, मी काय चमचे खिशात घालतोय?"

"चमचे मोजलेत."

तो गेला तसं याने झाडाच्या खोलीला नवं कुलूप ठोकलं. किल्ली एकच, ती गळ्यात.

मंगळवारी बंद खोलीत तिसरी कळी गळाली.

"दुसरी किल्ली कुठून आणलीस?" त्याने बायकोला विचारलं.

"मी? किल्ल्या तुम्ही करता! आधी माझी केळी काढून द्या, काळी पडली असतील. स्वयंपाकघरात मुंग्या होतात म्हणून दर वेळी झाडाच्याच टेबलाखाली ठेवते, तर तुम्ही कुलूपच घातलंत."

त्याने रोपवाटिकेत फोन लावला. "बाई, माझ्या झाडाला कुणीतरी काहीतरी करतंय."

"जवळ पिकलेली फळं आहेत का? त्यांच्यातून वायू सुटतो. कळ्या गळतात."

चोराला आत ठेवून त्याने बाहेरून कुलूप लावलं होतं.

केळी निघाली. उरलेल्या कळीकडे तो रोज श्वास रोखून बघायचा. नवव्या दिवशी ती उमलली: फिकट गुलाबी, मधोमध जांभळ्या शिरा. असा रंग दोन्ही आईबापांत नव्हता.

त्याने मेहुण्याला फोन केला.

"फूल आलंय. बघायला ये."

"येतो की. दारात झडती घेणार का, दाजी?"

"घेणार," तो म्हणाला. "फक्त पिशवीची."