मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक

"हलू नका वहिनी. तुमच्या मागे बोअर आहे."

डावा डोळा मिटलेला, वॉशिंग मशीनचा पाणी सोडायचा करडा पाइप खांद्याला लावलेला आणि त्याचं तोंड थेट माझ्या कपाळाकडे. पनवेलच्या बाजारात मी फॉल-पिकोचं दुकान उघडलं, त्या दिवशी शेजारच्या दुकानदाराने माझं हे असं स्वागत केलं. मी घाबरून मागे पाहिलं. मागे माझी शिलाई मशीन होती, आणि भिंत. बोअर म्हणजे आपल्याला ठाऊक असते ती जमिनीत मारायची, पाणी काढायची. ती माझ्या दुकानात कुठून येणार?

"ठो!" असं तोंडाने म्हणून त्यांनी पाइप खाली घेतला. "निसटला," म्हणाले, आणि शांतपणे तो पाइप एका मशीनला जोडायला बसले.

सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागले. वॉशिंग मशीन दुरुस्तीचं त्यांचं दुकान. उमेदीची वर्षं आखातात काढून परत आलेले. मेंदी लावलेली दाढी, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. टेस्टरने जितकी मशीनं तपासली असतील त्याच्या दुप्पट वेळा त्याने दात कोरले असतील. पण चाचांची खरी ओळख दुरुस्तीवाला ही नव्हती. चाचा शिकारी होते. निदान समोरच्या चहाच्या टपरीवर तरी होते.

तिकडे त्यांचा एक अमेरिकन साहेब होता. तो सुट्टीत आपल्या गावी जाऊन हरणं आणि रानडुकरं मारायचा. चाचांच्या गोष्टीत मात्र "साहेब" दोन वाक्यांत संपायचा आणि "आम्ही" सुरू व्हायचं. आम्ही झाडावर मचाण बांधलं. आम्ही वाऱ्याची दिशा बघितली. आम्ही मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल उचलली.

आता यात एक घोटाळा होता. रानडुकराचं मराठी नाव चाचा कधी घेत नसत. नाव घेतलं की जीभ नापाक होते, ही त्यांच्या आईची शिकवण. म्हणून ते इंग्रजीत बोअर म्हणायचे. आणि रायफलीच्या नळीचं माप, तेही बोअरच. त्यात आमच्या भागात तेव्हा जागोजागी इमारती उठत होत्या आणि प्रत्येकाच्या अंगणात बोअर मारणं चाललेलं. त्यामुळे चाचा रंगात येऊन म्हणाले, "एका सकाळी आम्ही चार बोअर मारले," की टपरीवर कोणीतरी हमखास विचारायचा, "चाचा, पाणी लागलं का?"

"पाणी कसलं! रक्त!"

"रक्त? मग भलतंच खोल गेला असाल."

सेमी-ऑटोमॅटिकचंही तसंच. आपल्या घरात सेमी-ऑटोमॅटिक एकच, कपड्यांचं मशीन, ज्यात धुतलेले कपडे आपण हाताने काढून शेजारच्या स्पिनरमध्ये टाकतो. टपरीवाला विचारायचा, "म्हणजे गोळी आपणच उचलून दुसऱ्या डब्यात टाकायची का?" चाचा चिडायचे नाहीत. टेस्टर वर करून सांगायचे, "सेमी म्हणजे अर्धी. अर्धं ती करते, अर्धं आपण करायचं." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की लग्न, पोरांची शाळा, सरकार, सगळ्याला ते तेच लावायचे. माझ्या मुलीला सेमी इंग्लिशला घातलं तेव्हाही मला हेच ऐकवलं.

हरणाची गोष्ट सांगताना मात्र ते हळू बोलायचे. "साहेब बजावायचा, हरणाच्या डोळ्यात बघू नकोस. बघितलंस की बोट चालत नाही." मग थोडा वेळ चहा नुसता ढवळायचे.

चाची माझ्याकडे दुपट्ट्यांना पिको करायला यायच्या. एकदा मी सहज म्हटलं, "चाचांनी काय काय बघितलंय हो आयुष्यात!" चाची इतक्या हसल्या की दुपट्टा मशीनखालून निसटला. "शिकार? अहो, तिकडे कंपनीच्या कॅम्पातल्या लाँड्रीत होते ते. साहेबाचे शिकारीचे कपडे धुवायचे. तो फोटो दाखवायचा, हे बघायचे. घरात झुरळ निघालं तर मला हाक मारतात." मग हसू आवरून म्हणाल्या, "पण कुणाला बोलू नका. लाँड्रीवाला म्हणून आले असते तर कोण चहाला थांबलं असतं?" मी कुणाला बोलले नाही. खरं सांगते, त्या दिवसापासून मला चाचा जास्तच आवडू लागले. खोटं बोलणारे खूप पाहिलेत, पण इतकं मन लावून कुणी बोलत नाही.

आमच्या दुकानांसमोर एक आगरी मावशी भाजी घेऊन बसायची. विचुंब्याच्या बाजूला तिचं शेत. भात कापून झालं की त्यात वाल. नवरा गेलेला, मुलं जमीन बिल्डरला द्यायच्या मागे लागलेली, आणि ही "वालाचा पीक येतंय तवर देनार नाय" म्हणून अडून बसलेली. त्या हिवाळ्यात रानडुकरांनी तिचा वाल उकरायला सुरुवात केली. मुलं म्हणू लागली, बघ, आता तरी वीक. एके सकाळी मावशी पाटी न उतरवताच टपरीपाशी आली आणि सगळ्यांदेखत चाचांसमोर उभी राहिली.

"चाचा, डुकरानी वाल खाल्ला आमचा. तुमची ती शेमी आटोमॅटिक हाय नं, ती घेऊन शेतान या. एकच वार. परत याची नाय ती."

चाचांचा चहा बशीतच राहिला. शिकारीला बंदी आहे, परवाना नाही, असं बरंच काही सांगता आलं असतं. पण मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चाचांना माणसाच्याही डोळ्यात बघून बोट हलवता येत नसावं.

"येतो," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

"शेमी घेऊन?"

"घेऊन."

दुकानात आल्यावर चाचा स्टुलावर बसले ते घाम पुसतच. "वहिनी, नाही गेलो तर बाजारात तोंड कसं दाखवू? आणि खरं सांगितलं तर मी उरतो काय?"

मला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

चाचांच्या दुकानात एक जुनं मशीन पडून होतं. त्याचा मालक ते न्यायला आलाच नाही. त्याच्या स्पिनरचा तोल गेलेला. चालू केलं की ते धडधडत दुकानभर फिरायचं आणि माझ्या बाजूची बटणांची बरणी खाली यायची. चाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मावशी रायफल म्हणाली का?"

"नाही. सेमी-ऑटोमॅटिक म्हणाली."

"मग माझं काय खोटं होतं?"

संध्याकाळी टेम्पोत मशीन, मशीनशेजारी चाचा, पुढे मी. माझं काय काम होतं विचाराल तर काही नाही. पण असा तमाशा सोडून फॉल लावत बसणारी बाई अजून जन्माला यायची आहे. शेतालगत इमारत उठत होती, तिथल्या वॉचमनकडून वायर ओढली. मशीन बांधावर ठेवलं. स्पिनरमध्ये चाचांनी अर्धी वीट आणि मूठभर नटबोल्ट टाकले. मावशी म्हणाली, "ही बंदूक?"

"सेमी-ऑटोमॅटिक," चाचा म्हणाले. "अर्धं ही करेल."

मावशीने मान डोलावली. परदेशी वस्तू, असेल अशी, असा तिचा चेहरा.

बटण फिरवलं आणि काय सांगू! भूकंप झाल्यासारखी वॉचमनची पोरं बाहेर धावली. झाडावरचे बगळे उडाले. मशीन बांधावर थयथया नाचू लागलं. नाचता नाचता थोडं पुढे सरकलं, वायर ताणली गेली आणि प्लग निसटला. एकदम शांतता. आणि त्या शांततेत समोरच्या करवंदीच्या जाळीतून रानडुकरीण बाहेर आली. मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं.

चाचा तिच्या अगदी समोर होते. त्यांनी सवयीने मशीनचा पाइप उपसला, खांद्याला लावला, डावा डोळा मिटला. उजवा मिटायचा राहिला, आणि तिथेच चूक झाली. त्या उजव्या डोळ्याने त्यांनी तिच्या डोळ्यात बघितलं. ती बघतेय, हे बघताहेत, पिल्लं तिच्या पोटाखाली घुसताहेत. पाइप हळूहळू खाली आला.

"मादी आहे," चाचा म्हणाले. "लेकुरवाळी आहे. मादीवर आम्ही चालवत नाही."

डुकरिणीला हा नियम ठाऊक नसावा. ती एक पाऊल पुढे आली. आणि आयुष्यभर ज्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं ते चाचा जिवाच्या आकांताने ओरडले, "डुक्कर! डुक्कर! वहिनी, डुक्कर!"

मी धावत जाऊन प्लग खोचला. मशीन धडाडत उठलं आणि सरळ डुकरिणीच्या दिशेने चालू लागलं. अशी शिकार तिच्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल. ती पिल्लांसकट जाळीत घुसली ती थेट डोंगराकडे. चाचा उलट दिशेला, टेम्पोकडे. तिथे त्यांनी आधी चूळ भरली. मग पुन्हा भरली. घरी जाईपर्यंत बाटलीभर पाणी संपलं.

मशीन बांधावरच राहिलं. मावशी रोज दिवेलागणीला बटण फिरवायची, डुकरं फिरकेनात. बातमी मात्र फिरली, आणि जशी फिरायची तशी. विचुंब्याकडे कोणी सेमी-ऑटोमॅटिकने डुकरं मारतो, असं ऐकून एक दिवस वनखात्याचा गार्ड टपरीवर हजर. "कोण तो शिकारी? हत्यार कुठाय?"

चाचा उठले. चेहरा पांढराफटक. सगळ्या टपरीसमोर त्यांनी हात जोडले. "साहेब, मी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. मी लाँड्रीत होतो. कपडे धुवायचो. बाकी सगळ्या ऐकलेल्या गोष्टी."

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची छाती एका वाक्यात खाली गेली.

तेवढ्यात मावशी पाटी टाकून उठली. "खोटा बोलतंय तो!"

"मावशी, गप्प बसा," मी तिचा पदर ओढला.

"कनाला गप बसू? मी सोता बगितलाय. डुकरीन समोर हुती. याने नेम धरला, नं पोरांची आयस हाय म्हनून सोडली. आसा शिकारी आक्ख्या तालुक्यान नाय!"

"बरोबर आहे," टपरीवाला म्हणाला. "चाचांची सेमी-ऑटोमॅटिक आहे. मोठ्या बोअरची."

चाचा कपाळाला हात लावून सांगताहेत, नाही हो, मी धोबी. आणि अख्खा बाजार गार्डला पटवून देतोय की हा माणूस नामांकित शिकारी आहे. शेवटी गार्डाला शेतावर नेऊन हत्यार दाखवलं. तो इतका हसला की बांधावर बसला. जाताना विचारून गेला, "आमच्या घरचा स्पिनर पाणी सोडत नाही, बघाल का?"

त्या रात्री दुकान बंद करताना चाचा म्हणाले, "वहिनी, एकदाच खरं बोललो. कुणी ऐकलं नाही." आणि लहान मुलासारखे हसले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

त्या वर्षी वाल उदंड आला. मावशीने मडक्यात शेंगा रचून, भांबुर्डीचा पाला घालून, मडकं जाळात भाजून पोपटी लावली, पहिल्या शेंगा चाचांना. पुढे दर हिवाळ्यात तसंच.

मग एका हिवाळ्यात मावशी शेंगा घेऊन आली तेव्हा शेजारचं शटर बंद होतं. चाचा आदल्या आठवड्यात झोपेतच गेले होते. तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा केळीच्या पानातली पुडी तिच्या हातातच होती.

"वैनी, खरा सांग," ती म्हणाली. "तो शिकारी नव्हता ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाइप उलटा धरलावता त्याने," मावशी म्हणाली. "पन माज्यासाठी आयला तं खरा."

पुडी तिने माझ्या काउंटरवर ठेवली आणि पदराने डोळे पुसत गेली.

आता शेजारी मोबाइलचं दुकान आहे. मावशीचा बांधही राहिला नाही. पण पिको करताना मागे काही खुट्ट वाजलं, की माझा हात मशीनवर थांबतो. मी वळून पाहत नाही. हलत नाही. नेम धरायला चाचांना थोडा वेळ लागायचा.