नाल्यापलीकडचा हिरवा तुकडा

जिथं चार माणसं दुसऱ्यांच्या घरादाराचा विचार करून पगार घेतात, तिथं किस्से साचणारच. आमची नगररचनेची कचेरी तशीच होती. बहात्तरच्या सुमाराला नगर शहराचा विकास आराखडा आमच्याकडे होता. रस्ते कुठून जातील, बाजार कुठं बसेल, मुलं कुठं खेळतील, सगळं आम्ही कागदावर ठरवत होतो. मी तिथं ड्राफ्ट्समन. आजही जुने सोबती भेटले की हे किस्से निघतात. आधी हसणं होतं, मग बोलणं नाल्यापलीकडच्या वस्तीवर येतं. ती वस्ती आम्ही जवळजवळ पुसलीच होती. तिथं सगळ्यांचा आवाज खाली येतो.

* * *

आमचे वरिष्ठ पाटणकरसाहेब पुण्याचे. माणूस भला, पण शिस्तीचा. नकाशावर राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, बाग हिरवी. "एका जागेला एकच रंग!" हे त्यांचं ब्रीद. बाकीचे रंग आम्ही भरायचो, हिरवा मात्र साहेब स्वतः भरत. ब्रश हातात घेतला की त्यांचा चेहरा खुलायचा.

कापड बाजारात पाहणी करताना पंचाईत झाली. एका शेठजींचं खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागं गाय. साहेबांनी त्यांना रंगांचा सगळा हिशेब समजावला आणि विचारलं, "आता तुम्हीच सांगा, तुम्हाला कोणता रंग देऊ?"

शेठजींनी हातातला गज खाली ठेवला. "साहेब, गिऱ्हाईक आलं की मी निळा, जेवायची हाक आली की पिवळा! गायीचं तुम्ही बघा."

* * *

दुसरा ओट्याचा. एका गल्लीत रस्ता रुंद करायची रेघ नेमकी एका निवृत्त मास्तरांच्या ओट्यावरून गेली. मास्तर भांडतील म्हणून आम्ही तयारीनं गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "ओटा न्या खुशाल. पण संध्याकाळी इथं आम्ही म्हातारे बसतो. आम्हाला नकाशात कुठं बसवलंय तेवढं दाखवा."

कचेरीत आल्यावर साहेबांनी ती रेघ खोडली आणि समोरच्या पडक्या भिंतीकडे सरकवली. वर आम्हालाच सुनावलं, "रस्ता काय फक्त मोटारींसाठी असतो का?" जणू ओटा पाडायला आम्हीच निघालो होतो!

* * *

नाल्यापलीकडची पाहणी काझीकडे होती. काझी नगरचाच, आमच्यातला सगळ्यात चोख सर्व्हेअर. पण वर्ष दुष्काळाचं. विहिरी आटलेल्या, जिकडंतिकडं दुष्काळी कामं निघालेली. तो भर दुपारी वस्तीत पोचला तेव्हा दारं दोरीनं बांधलेली, चुली गार, माणूस औषधाला नाही. बाप्ये, बाया, पोरंसुद्धा खडी फोडायला गेलेली. काम लांब, म्हणून कित्येकांचा मुक्कामही तिकडंच. आमच्या कामाची रीत अशी, की डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. काझीनं लिहिलं, 'पडकी छपरं, वापर नाही.'

साहेबांना तर घबाडच मिळालं. शहराच्या त्या अंगाला एकही बाग नव्हती. "चला, पोरांना खेळायला जागा झाली!" म्हणत त्यांनी सबंध तुकड्यावर हिरवा हात फिरवला. ते आठवलं की अजून सलतं. लबाडी कुणाचीच नव्हती, म्हणून जास्तच.

* * *

आराखडा लोकांना बघण्यासाठी भिंतीवर लावला. नकाशा फारसा कुणाला कळत नसे, पण येणारा प्रत्येक जण आधी आपलं घर शोधायचा. सापडलं की त्यावर बोट ठेवून सोबतच्याला सांगायचा, "हे बघ आपण!"

एके दिवशी हौसाबाई आली. खडी फोडून हात फाटलेले, पण वस्तीत तिचा शब्द चालायचा. म्हणाली, "नाल्यापल्याडचं आमचं घर दावा."

काझीनं आधी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मावशी, मी आलो होतो. दारं बांधलेली होती. कुणीच नव्हतं."

"कुत्री शिरत्यात म्हनून बांधतो. आमी कामावर हुतो. मानूस घरी नसला की घर नसतंय व्हय?"

काझीनं त्या दिवशी डबा उघडला नाही. तिची हरकत त्यानंच लिहून दिली, आपल्याच पाहणीविरुद्ध. तिनं खाली अंगठा उठवला. साहेबांनी कागद वाचला आणि काझीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस." मला त्या दोघांचाही अभिमान वाटला.

* * *

आता सुनावणीचा. वस्ती पुढं नकाशावर पिवळी झाली आणि आहे तिथंच राहिली, हे आधीच सांगून टाकतो. उगीच तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. निर्णय हरकती ऐकणाऱ्या नगरपालिकेच्या समितीच्या हातात होता आणि समितीतल्या बऱ्याच जणांना बाग हवी होती. हौसाबाईच्या मागं सगळी वस्ती कामाला खाडा करून जिन्यापर्यंत उभी होती.

समितीतले एक वकील समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्हाला दुसरीकडे जागा बघता येईल. इथं बाग झाली तर साऱ्या शहराचं भलं आहे."

"बागंला आमची ना न्हाई," हौसाबाई म्हणाली. "पन असल्या दुस्काळात झाडं जगायची कशी?"

वकीलसाहेबांना हा प्रश्न फार आवडला. "त्याची सोय केली आहे! मोठ्या टाकीपासून नाल्यावरून थेट पाईप आणणार. जागोजागी नळ. सकाळ-संध्याकाळ पाणी. एक झाड वाळू देणार नाही आम्ही!"

हौसाबाईनं मागं वळून जिन्यातल्या बायांकडे पाहिलं. मग समितीकडे वळली.

"आमी नळ मागितला, तवा लई लांब पडतंय म्हनाला हुता तुमी. मग असं करा सायेब, आमची घरं लिवूच नका. आमाला झाडं म्हनून लिवा."