शिवाप्पाची रायफल

निजामाची राजवट संपली त्या हिवाळ्यात आमची कंपनी उमरग्याजवळ सडकेवर होती. मी हुद्द्यानं नाईक, कंपनीचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गाव येरमाळा. पलटणीत भरती झाल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या जिल्ह्यात बंदूक घेऊन फिरत होतो. सकाळी पीटी, मग हत्यारांची सफाई, दुपारी गस्त. निजामाच्या बाजूनं लढून पळालेल्या हत्यारबंद टोळ्या अजून नाल्याखोऱ्यांत लपल्या होत्या.

एका दुपारी गस्तीवर ओढ्यातून फायर आला. सेक्शन उघड्यावर सापडलं. लान्सनाईक शिवाप्पा एकटा बांधाआड राहिला.

"मी कव्हर देतो. जखमींना उचला, मागं सरका!" तो ओरडला.

वायरलेसवर मदत मागितली. ती पोचेपर्यंत त्यानं बांध सोडला नाही. चौघं जखमी वाचले. शिवाप्पाच्या छातीत गोळी लागली होती, तो तिथंच गेला. त्याची थ्री-नॉट-थ्री रायफल दुरुस्तीला माझ्याकडं आली. पुढचं लाकूड चिरलेलं, खांद्याला टेकतो त्या बटाची ढपली उडालेली.

आठवड्यानं कॅप्टन साहेबांनी बोलावलं. शेजारी खुर्चीवर एक जहागीरदार बसले होते. महिन्यापूर्वी त्याच टोळ्यांना यांच्याच वाड्यातून धान्य जात होतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. आता ते आमच्या मेसचे पाहुणे होते.

"ती फुटकी रायफल कागदावर निकामी दाखव," साहेब म्हणाले. "नळी काप, हलकं लाकूड बसव, बटावर चांदीची पट्टी. यांना येडशीच्या जंगलात शिकारीला हवी आहे."

माझं डोकं तापलं. तरी सावधानमध्येच उभा होतो.

"साहेब, नळी साफ आहे. बोल्ट चांगला आहे. रायफल दुरुस्त होते."

"हुकूम आहे, नाईक."

"मग लेखी द्या, साहेब."

जहागीरदार हसले. "अरे, एका मेलेल्या शिपायाची बंदूक. लई मनावर घेतोस."

"ती सरकारी रायफल आहे," मी म्हणालो. "आणि तो मेला तुमच्या माणसांच्या गोळीनं."

साहेबांनी मला बाहेर काढलं. लेखी हुकूम आला नाही. यायचा नव्हताच. मी दुसऱ्या मोडक्या रायफलीचं लाकूड काढून तिला बसवलं, साईट जुळवली, रेंजवर फायर करून पाहिली आणि शिवाप्पाच्याच सेक्शनला दिली. माझी हवालदारकी अडली. मला लांबच्या डेपोत धाडलं. त्याचा राग आजही आहे. मेसमध्ये त्या माणसाला मानाची खुर्ची मिळाली, याचा त्याहून जास्त आहे.

डेपोत जाण्याआधी शिवाप्पाचे वडील आले. कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचे शेतकरी. गळ्यात लिंग, खांद्यावर घोंगडी. मी सेक्शनमधून रायफल आणून दाखवली.

"ही त्याची व्हय?"

"व्हय बाबा. लाकूड फुटलं होतं. बदललं."

"लोखंड तेच हाय?"

"तेच."

त्यांनी नळीवरून हात फिरवला. मग रायफल माझ्याकडं न देता शेजारी उभ्या सेक्शनच्या जवानाच्या हातात दिली.

"तू वापर," म्हणाले. "घरी भिंतीला टांगाया म्या नेत न्हाय."

शिवाप्पा कानडीत मोजायचा, मराठीत भांडायचा आणि गस्तीवर पाण्याची बाटली आधी दुसऱ्याला द्यायचा. त्याचं लग्न ठरलं होतं. त्यानं वाचवलेल्या चौघांना पुढं मुलंबाळं झाली. एकानं थोरल्याचं नाव शिवाप्पा ठेवलं.